तारा तुटत गेल्या, आणि दरडीचा वेग कळला

दरड म्हटलं की आपल्याला घाट आठवतो. पाऊस, चिखल, बंद पडलेला रस्ता. आज मात्र पाण्याखालच्या दरडीबद्दल बोलू.

18 नोव्हेंबर 1929, संध्याकाळी पाचच्या सुमारास. कॅनडाच्या पूर्वेला, न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेकडे समुद्रात 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला. अटलांटिकच्या तळाशी तेव्हा टेलिग्राफच्या केबल होत्या. जवळच्या केबल लगेच तुटल्या. ते समजू शकतो. पण दूरच्या केबल एकामागून एक, उताराच्या दिशेने तुटत गेल्या. शेवटची तर तेरा तासांहून जास्त वेळाने! भूकंपाचा धक्का काही तेरा तास रेंगाळत नाही. मग तोडलं कोणी?

उत्तर 1952 मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस ईविंग यांनी मांडलं. भूकंपाने उतारावरचा गाळ सुटला. घसरताना त्यात पाणी मिसळलं, आणि गढूळ पाण्याचा एक लोट तयार झाला. स्वच्छ पाण्यापेक्षा तो जड, म्हणून तळ धरूनच धावतो. प्रत्येक केबल कुठल्या मिनिटाला बंद पडली याची नोंद होतीच. अंतर भागिले वेळ, शाळेतलं गणित! वेग निघाला सुरुवातीला ताशी 65 किलोमीटरच्याही वर, पुढे मंदावत गेलेला.

बरं, सगळ्याच दरडी अशा विरघळत नाहीत. काही घट्ट चिखलाच्याच राहतात, तरी अगदी सपाट तळावरून लांब जातात. कसं? प्रयोगशाळेत दिसलं, की वेगाने जाणाऱ्या चिखलाच्या तोंडाखाली पाण्याचा पातळ थर अडकतो आणि चिखल त्यावर तरंगत सुटतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडीचं टायर घसरतं ना, तसंच. मला हे फार भारी वाटतं. जमिनीवरच्या दरडीला ही सोय नाही.

पण त्या संध्याकाळी किनाऱ्यावर माणसं होती. त्या दरडीनेच उठवलेली त्सुनामी सुमारे अडीच तासांनी ब्युरिन द्वीपकल्पावर आदळली. 28 जणांचा जीव गेला. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, आधीच्या वादळाने तिथली टेलिग्राफची तार बंद पडलेली. मदत मागायची कशी? पुढे बर्फ आणि थंडी. तीन दिवसांनी नेहमीची बोट 'पोर्शिया' बंदरात आली, तिच्या वायरलेसवरून बातमी बाहेर गेली, तेव्हा कुठे डॉक्टर आणि नर्स निघाले.