डिस्क भरली, पण नावं कुठे गेली?

डीव्हीडी म्हटलं की तुमच्यातले निम्मे हसणार, माहितीये. हसा. पण रॅन्समवेअर सर्व्हरमध्ये शिरलं की जोडलेली हार्ड डिस्कसुद्धा कुलूपबंद करतं. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर मात्र त्याला काही खोडता येत नाही.

मी एका छापखान्याचा सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर लिनक्सचा, डिझायनर मॅकवर, हिशेब विंडोजवर. मध्ये सांबा, म्हणून सगळ्यांना एकच फोल्डर दिसतो. खरी गंमत तो फोल्डर डिस्कवर उतरवताना सुरू होते.

१९८८चं आयएसओ ९६६० हे डिस्कचं मूळ मानक. त्याच्या सगळ्यात साध्या पातळीवर नाव आठ अक्षरांचं, पुढे तीनचं शेपूट, तेही कॅपिटल इंग्रजीत. मग विंडोजसाठी जोलिएट आलं, युनिक्सवाल्यांसाठी रॉक रिज. जोलिएटमध्ये नावाला ६४ जागा. भरपूर वाटतात ना? आता ‘ज्ञानेश्वरी’ मोजा. आपल्याला चार अक्षरं, कॉम्प्युटरला अकरा! जोडाक्षर, मात्रा, वेलांटी, सगळं सुटं धरलं जातं. त्यामुळे ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ’पासून सुरू झालेलं लांबलचक नाव शेवटी कापलं जातं. आणि आपण ‘अंतिम’ कुठे लिहितो? शेवटीच!

शिवाय लिनक्सला कॅपिटल सी आणि स्मॉल सी वेगळे, विंडोजला सारखेच. एका फोल्डरमधल्या अशा दोन फाइलींपैकी विंडोजवर एकच धड उघडते.

मॅकचं दुखणं याहून खोल. मॅकच्या जुन्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा सगळा मजकूर ‘रिसोर्स फोर्क’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतो. साध्या कॉपीत तो कप्पा मागे राहतो आणि फाइल दिसते शून्य केबी. नाव जागेवर, आत काही नाही. सर्व्हर हा कप्पा बऱ्याचदा टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइलीत ठेवतो आणि कुणीतरी कचरा समजून ती उडवतो. जुना अंक पुन्हा छापायचा तर त्या फॉन्टशिवाय पान उघडून उपयोग काय?

म्हणून मी फाइली सुट्या बर्न करत नाही. फॉन्ट मॅकवरच झिप करून घेतो. मग प्रत्येक कामाचा फोल्डर टारमध्ये बांधतो, नाव साधं इंग्रजीत, तारखेसह. आतली मराठी नावं आणि परवानग्या शाबूत राहतात. टार दाबून लहान करत नाही, कारण दाबलेल्या गाठोड्यात एक डाग पडला तर पुढचं सगळं जाऊ शकतं. सोबत पार२च्या दुरुस्ती-फाइली, एसएचए-२५६ची यादी आणि कुठल्या गाठोड्यात काय आहे त्याचा साधा मजकूर. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण विंडोज ४.३८च्या आसपास दाखवतो. काठोकाठ भरू नका. ब्लू-रे असेल तर २५ जीबी मिळतात, मोठ्या कामांना तीच बरी.

दोन प्रती काढा, एक दुसऱ्या इमारतीत. उन्हापासून लांब, उभ्या ठेवा. नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो, तेव्हा एक यूएसबी ड्राइव्ह पेटीतच टाका.

आमच्याकडे खंडेनवमीला मशिनची पूजा होते. त्या दिवशी पेटीतल्या चार-पाच डिस्क मी वेगळ्याच ड्राइव्हमध्ये घालून यादीशी ताडून बघतो. डागाळलेली सापडली की तिची नवी प्रत त्याच दिवशी काढायची, मगच पेढे.