डेम्लो स्टेशनाची संख्या

मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग १८७० साली जबलपुरास ईस्ट इंडियन रेल्वेला येऊन मिळाला. जबलपुराहून या मार्गाने निघालेली गाडी इटारसी, भुसावळ, देवळाली मागे टाकून कल्याणपुढे आली की डोंबिवली लागते. गणिताच्या इतिहासात या स्टेशनाची नोंद ‘डेम्लो’ अशी आहे, हे फार थोड्या उतारूंना ठाऊक असेल. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना याच स्थानकावर सुचली, आणि त्यांनी स्थानकाचेच नाव त्यांना देऊन टाकले.

त्या कुळातील सर्वांत देखणी संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, एकच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे लावली तर तिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी बसतो. परार्धाला अवघे एक घर कमी.

ही संख्या १११११११११ या नऊ एकांचा वर्ग होय. गुणाकार पाटीवर मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत उतरतात. कडेच्या स्तंभात एकच एक असतो, मधल्यात नऊ. बेरजेत कोठेही हातचा येत नाही, म्हणून जिन्यासारखी ही चढउतार अंकांत उघड दिसते.

तिच्या अंकांची बेरीज ८१. आता नऊ एकांच्या संख्येला नवाने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. म्हणजे ही डेम्लो संख्या हर्षदही आहे. हे भाग्य तिच्या सर्व भावंडांना नाही: १२१ च्या अंकांची बेरीज चार, आणि चाराने १२१ ला भाग जात नाही.

हा सारा दशमान लेखनाचा खेळ आहे, संख्येचा खरा स्वभाव नव्हे, असा आक्षेप विद्वानांनी घेतला, आणि कापरेकरांच्या कामाची काहींनी थट्टाही केली. आक्षेप अगदीच खोटा नाही. बारा हा पाया धरला तर हा जिना अकरापर्यंत चढेल. परंतु लेखनपद्धतीच्या पोटात काय दडले आहे, हे पाहणे क्षुल्लक कसे? पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाने ते आयुष्यभर पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते.

दहा एकांचा वर्ग करून पाहावा. मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो, आणि उत्तर मिळते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ हातच्याने नऊ झाला. १२३४५६७९ मधूनही नेमका तोच आठ गळालेला आहे.