भय ओळखावे, लेकरू राखावे

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'भय' असं सांगितलं. एक ज्येष्ठ दादा हसून म्हणाले, भुताखेतांचं भय तर आपण १९५६ सालीच सोडलं, आता कशाला ते? आम्ही म्हटलं, दादा, हे भूत दाराबाहेर चपला काढून आत येतं आणि आपल्याच घरात बसून चहा पितं. लेकरांवर आणि बायांवर होणाऱ्या अत्याचाराबद्दल आम्हाला बोलायचं आहे. लहान मुलं आहेत म्हणून शब्द जपून वापरू. पण त्यांना बाहेर पाठवू नका. त्यांच्यासाठीच हे आहे.

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला तथागत संबोधीच्या आधीचा स्वतःचा अनुभव सांगतात. पक्षातल्या ठरावीक रात्री ते मुद्दाम रानातल्या ओसाड, अंगावर काटा आणणाऱ्या चैत्यांच्या जागी जाऊन राहिले. एखादं जनावर जवळ यायचं, मोर काटकी पाडायचा, वाऱ्याने पाचोळा वाजायचा, आणि मनात भय उठायचं. चालताना भय आलं तर ते चालतच राहिले. बसलेले असताना आलं तर बसूनच राहिले. भय शमेपर्यंत जागचे हलले नाहीत. आम्हाला यातून उमगलं ते एवढंच, की भय आलं की डोळे मिटून पळत सुटू नये. कशाने वाजलं ते आधी बघावं. पाचोळा आहे की जनावर?

हे मात्र मोठ्यांचं काम. लेकराने भयापाशी बसून राहायचं नाही. लेकराने पळायचं, ओरडायचं आणि आपल्या माणसाकडे यायचं. बाळांनो, ऐकताय ना?

न बघता भ्यायलं म्हणजे काय होतं ते शेजारच्या धुळे जिल्ह्यात दिसलं. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. मोबाईलवर अफवा फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून. जमावाने त्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच सुमारास आपल्या मालेगावातही अशाच संशयावरून काही जणांना जमावाने घेरलं, पोलिसांनी त्यांना वाचवलं म्हणून ते जगले. परक्याच्या झोळीला भ्यायलेल्या लोकांनी पाच गरिबांचा जीव घेतला आणि एकही लेकरू त्यामुळे सुरक्षित झालं नाही.

कारण धोका बहुतेक वेळा झोळीवाल्याकडून नसतोच. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता, त्यात महाराष्ट्रही होता. शंभरातल्या ५३ मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच निघाले. आमच्या मुलग्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. करणारे निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले होते. पोलिसांत नोंदलेल्या लहान मुलांवरच्या बलात्कारांच्या गुन्ह्यांत तर शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी ओळखीचेच असतात: नातेवाईक, शेजारी, घरमालक, शिकवणीवाले.

आता उप्पलवण्णा थेरींची गोष्ट. थेरीगाथेतलं त्यांचं नाव आपण आदराने घेतो, पण ही गोष्ट विहारात सहसा सांगितली जात नाही. सावत्थीजवळ अंधवनात त्या एका कुटीत एकट्या राहत. धम्मपदाच्या अट्ठकथेत येतं, की त्यांच्या नात्यातला एक तरुण, मामाचा मुलगा, त्यांच्या कुटीत शिरून पलंगाखाली लपून बसला. त्या भिक्षाटनाहून परतल्या. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार, त्यांना तो दिसला नाही. त्याने त्यांच्यावर बळजबरी केली.

पुढचं विनयपिटकात आहे. थेरींनी हे भिक्खुणींना सांगितलं. भिक्खुणींनी भिक्खूंना सांगितलं आणि भिक्खूंनी तथागतांना. तथागतांनी निर्णय दिला, की जिची संमती नव्हती तिचा काहीही दोष नाही. अट्ठकथा म्हणते, त्यांनी कोसलराजा पसेनदीला बोलावून घेतलं आणि भिक्खुणींसाठी नगराच्या आत निवास बांधायला सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वी! तू एकटी का राहत होतीस, तुझ्याकडे पाहून त्याला असं का वाटलं, असं कुणी विचारलं नाही. संघाची बदनामी होईल, गप्प राहा, असं म्हटलं नाही. उलट ती गोष्ट पिटकात नोंदवून ठेवली. आज आपल्या कॉलनीत असं झालं तर आपण यातलं काय करू?

आम्ही काय केलं ते सांगतो. मनावर दगड ठेवून सांगतो आहोत.

२००९ सालची गोष्ट. वस्तीचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असं काहीही सांगत नाही. आई-बाप दोघं कामाला, आईची दुसरी पाळी. मुलगी नऊ वर्षांची. शेजारचा एक माणूस, सगळे त्याला मामा म्हणायचे. जयंतीच्या वर्गणीत पुढे, अडीअडचणीला धावणारा. शाळा सुटली की मुलगी त्याच्या घरी थांबायची. काही महिन्यांनी ती म्हणायला लागली, मला त्यांच्याकडे नाही जायचं. आईला वाटलं, अभ्यासाचा कंटाळा. मग पोर अंथरूण ओलं करायला लागली, जेवेना. शेवटी तिने सांगितलं.

आई आमच्याकडे आली. तेव्हा आम्ही चार बाया आणि समितीतले दोन दादा बसलो. त्या माणसाला बोलावलं. तो रडला, पाया पडला. त्याने खोली सोडायची, दवाखान्याचा खर्च द्यायचा आणि गोष्ट इथेच मिटवायची असं ठरलं. पोरीच्या लग्नाचं पुढे काय, समाजाची इज्जत काय, असं सगळे बोललो. आम्हीही बोललो. मुलीला आत्याकडे गावी पाठवलं, तिची शाळा मोडली. तो माणूस दुसऱ्या वस्तीत राहायला गेला. तिथे कुणाची लेकरं होती, हे आम्ही विचारलंच नाही.

बऱ्याच वर्षांनी ती मुलगी भेटली. चांगली शिकली आहे, नोकरी करते. म्हणाली, मावशी, त्या दिवशी तुम्ही त्याला चहा दिला होता. मी आतल्या खोलीत होते. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो होतो, सातपूर बंद ठेवा म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. उतरायलाच हवं होतं. पण करणारा परका असला की आपला मोर्चा निघतो, आणि आपल्यातला असला की मिटवामिटवी होते. ज्या आवाजाने आपण बाहेर न्याय मागतो तो घरात का बसतो? बाबासाहेबांच्या हाकेसरशी याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिरासमोर बायाही सत्याग्रहाला उभ्या राहिल्या होत्या. त्यांना लाठीचं भय नव्हतं. आम्हाला चार शेजाऱ्यांच्या कुजबुजीचं भय वाटलं.

असा माणूस एका दिवसात काही करत नाही. आधी तो विश्वास कमावतो. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मित्राच्या रूपातले चार अमित्र सांगितले आहेत. त्यातला एक तोंडपुज्या, तोंडावर स्तुती करणारा, आपल्या वाईटालाही हो म्हणणारा. तो वर्णनात अगदी बसतो. आपल्या सातपूरचं जगणं पाळीवर चालतं. ठेकेदाराकडे काम असेल तर सुट्टी मागता येत नाही. अशा घराला मुलं सांभाळणारा फुकटचा मामा म्हणजे देवमाणूसच वाटतो. तो पोराला चॉकलेट देतो, मोबाईलवर गेम खेळू देतो, आईने नाही म्हटलेलं करू देतो. मग म्हणतो, हे आपल्या दोघांचं गुपित. गुपित पाळलं गेलं की पुढचं पाऊल. आणि मग धमकी: सांगितलंस तर तुझ्या आईला मारीन, तुझे फोटो सगळ्यांना दाखवीन. १९९४ साली जळगावात मुली-बायांचे फोटो काढून त्यांना धमकावण्याचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. बदनामीच्या धास्तीने पुष्कळ जणी पुढे आल्याच नाहीत, आणि त्याचा फायदा आरोपींना मिळाला. तेव्हा कॅमेरा लागायचा, आता पोराच्या खिशातला फोन पुरतो.

म्हणून घरात एवढं शिकवा. अंगावर कपड्यांनी झाकलेल्या जागांना आंघोळ घालणारी आई आणि आईसमोर तपासणारे डॉक्टर सोडले तर कुणी हात लावायचा नाही, कुणी आपली जागा दाखवायची किंवा हात लावायला सांगायचं नाही. पाहुण्याच्या मांडीवर बसायला पोर नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नका, पाहुणा रुसला तर रुसू दे. आईपासून लपवायचं गुपित नसतंच, हे रोज सांगा. आणि मुलग्यांना वेगळं सांगा, की समोरच्याने नाही म्हटलं की हात मागे घ्यायचा. बदलापूर प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांना लहानपणापासून हे शिकवण्याबद्दल बोललं होतं.

बदलापूरचं थोडं सांगायलाच हवं. ऑगस्ट २०२४. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुली, आरोपी शाळेतला सफाई कामगार. मुलींनी आपल्या तोडक्या बोलीत घरी सांगितलं आणि घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला, म्हणून ते बाहेर आलं. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. वेळेवर कळवलं नाही म्हणून शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीने मेला, काहींनी पेढे वाटले. आम्हाला ते बरं वाटलं नाही. संविधान मानणाऱ्यांना खटला हवा असतो, शिक्षा कोर्टात व्हावी लागते.

आता कायदा. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही. असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. माहीत असून लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे २००९ साली आम्ही केली तशी बैठक आज कुणी घेतली तर तो स्वतःच गुन्हेगार. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. नाव, फोटो, पत्ता छापता येत नाही. सरकारी असो की खासगी, दवाखान्याला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून कुठल्याही ठाण्याला परत पाठवता येत नाही. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. आणि १०९८ हा क्रमांक मुलांसाठी मोफत आहे, लेकरू स्वतःही लावू शकतं.

पोर सांगायला आलं की मात्र आधी कायदा नको. आधी जवळ घ्या. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलं नाही', एवढं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. कपडे धुऊ नका, कागदात ठेवा, आणि लगेच निघा.

कंपनीत जाणाऱ्या भगिनींचा विषय वेगळ्या सभेचा आहे. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा सांगतो. आपल्या कंपनीत ती आहे का, एवढं उद्या विचारून या.

शेवटी विहाराचं. आपल्याकडे रविवारी बालसंस्कार वर्ग भरतो, संध्याकाळी अभ्यासिका असते. पालक विश्वासाने पोरं पाठवतात, कारण हे बुद्धाचं घर आहे. म्हणूनच इथे नियम कडक हवेत. समितीसमोर मांडले तेव्हा थोडी कुरकुर झाली, आमच्यावर संशय का म्हणून. पण भंतेजींनीच सांगितलं, पहिला नियम मला लावा. आता कुठलाही मोठा माणूस, मग तो कितीही मानाचा असो, एकट्या मुलाला घेऊन बंद दाराआड बसणार नाही. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. शिकवायला येणाऱ्याची चौकशी करूनच त्याला घ्यायचं. १०९८ आणि पोलीस ठाण्याचा नंबर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे, तो कुणी पुसायचा नाही. मागच्या खोलीला आतून कडी होती, ती गेल्या महिन्यात काढून टाकली. चार भोकं अजून दिसतात, रंगवायचं राहिलं आहे. रविवारच्या वर्गानंतर आम्ही दोघी-तिघी त्या खोलीत दार उघडं ठेवून बसतो. ज्याला काही सांगायचं असेल त्याने यावं. पाणी आधी आम्ही देऊ.

नमो बुद्धाय, जय भीम.