पोटातून पाहिलेली मुंबई
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

1983च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिलाय खाण्याचा, कारण माझ्याकडे बघून दुसरा कुठला सुचला नसावा.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आधी कबुली देतो. बाई, तुम्ही मुंबईची सात बेटं पाठ करून घ्यायचात, तेव्हा मला धाकटं कुलाबा कधीच आठवायचं नाही. त्यासाठी एकदा बाकावर उभाही राहिलो होतो. मुंबई मला पुढे कळली ती बँकेतल्या बदल्यांमुळे. पस्तीस वर्षांत नऊ शाखा. नव्या शाखेत गेलो की पहिल्या दिवशी शिपायाला एकच प्रश्न विचारायचा, "इथे खायला काय मिळतं?" त्याच्या उत्तरात सगळं यायचं. खातेदार कोण, सण कुठले, कॅश काउंटरला गर्दी कधी उसळणार.

माटुंग्याला स्टेशनाबाहेरचं 'राम आश्रय' 1939 सालचं, किंग्ज सर्कलजवळचं 'कॅफे मद्रास' त्यानंतरच्या वर्षीचं. रसम वडा आणि फिल्टर कॉफी पोटात गेल्याशिवाय तिथले खातेदार पासबुक उघडत नसत. चेंबूर कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं. सकाळी दाल पकवान, होळीला घीयर. घीयर म्हणजे ताटाएवढी जिलेबी समजा. एका वृद्ध खातेदार बाईंनी मला ते खिलवलं आणि मग अर्धा तास कराचीबद्दल बोलत राहिल्या. मागे रांग लागली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. रांगेतल्या बऱ्याच जणांची कराची तीच असावी.

माहीमच्या हलव्याचं मला लहानपणापासून कोडं होतं. हा पातळ कागदासारखा पदार्थ कसा करतात? गव्हाचा चीक किंवा रवा, तूप, साखर एवढंच भांडवल. आटवून आटवून कागदावर इतका पातळ लाटायचा की वडी उचलली की लवते. आमच्या घरी पाहुण्यांनी आणलेला पुडा उघडला की हलवा मोठ्यांना आणि मधले कागद आम्हा भावंडांना. कागदाला चिकटलेल्या तुकड्यांवरून मारामाऱ्या झाल्यात.

दंगलीनंतर वर्षभरात मोहम्मद अली रोडजवळच्या शाखेत माझी बदली झाली. आईने देवाजवळचा अंगारा लावूनच घराबाहेर सोडलं. तो रमजानचा महिना होता. शाखेतल्या सहकाऱ्याने संध्याकाळी मिनारा मशिदीजवळ नेलं. परातीएवढ्या कढईत मालपुवे फुलत होते, मातीच्या सकोऱ्यांत थंड फिरनी लावलेली. मी त्यातलं थोडं बांधून घरी आणलं. आईने आधी वास घेतला, मग एक तुकडा मोडला, मग दुसरा. "उद्या पण आण," म्हणाली. त्या मालपुव्यात अंडं असतं हे तिला मी शुक्रवारी सांगितलं, कारण खाल्ला होता तो गुरुवारी, तिच्या उपासाच्या दिवशी. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तो तुझा मित्र बरा आहे ना?"

असे किस्से मी तासभर सांगू शकतो. पण एका शाखेबद्दल मी आजवर कुठेच बोललो नाही. ती काळबादेवीची.

त्यासाठी आधी लालबागला, आपल्या शाळेच्या दारात यावं लागेल. आठवी-नववीत आम्ही दोघं मिळून एक वडापाव घ्यायचो. माझ्याबरोबर जो होता, तो तुमच्यापैकी पुष्कळांना आठवेल, माझ्याच बाकावर बसायचा. नाव सांगत नाही, त्याने बजावलंय. वडील गिरणीत, आई घरी खाणावळ चालवायची. गावाहून एकटे आलेले दहा-बारा कामगार तिच्याकडे जेवायचे. अशा बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. दिवाळीत त्याची आई चिवडा करायची आणि तो दप्तरात कोंबून आणायचा. वह्यांना हळदीचे डाग.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार आणि डॉक्टर दत्ता सामंत हे पुस्तकांत सापडेल. आमच्या बाकावर काय झालं ते एवढंच, की वडलांचा पगार थांबला आणि खाणावळीतली माणसं एकेक करून गावी गेली. नववीची परीक्षा त्याने दिली, जूनमध्ये तो आलाच नाही. भुलेश्वरला एका मिठाईवाल्याच्या भटारखान्यात लागल्याचं कळलं. मी त्याला भेटायला गेलो नाही. दहावीचं वर्ष होतं, असं मी स्वतःला सांगत आलोय.

1989च्या दिवाळीआधी मी काळबादेवीला कॅशियर होतो. खिडकीत नोटांचं पुडकं आलं, त्याला तुपाचा वास. वर पाहिलं तर तो. हातावर चटक्यांचे डाग. तो हसला. माझ्या मागे साहेब उभे होते, पुढे रांग होती. मी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणालो, "स्लिपवर सही नीट करा."

"हो साहेब," म्हणाला. त्यानंतर पैसे भरायला दुसरा मुलगा यायला लागला.

या मेळाव्याची यादी करताना त्याचं नाव निघालं. फॉर्मवर रकाना होता, 'दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष'. एक-दोघं म्हणाले, तो आपल्या बॅचचा धरायचा का? मी बैठकीत आवाज चढवला, त्याबद्दल त्या दोघांची इथे माफी मागतो. त्यांना काळबादेवीचं ठाऊक नव्हतं.

मग पत्ता काढून बदलापूरला गेलो. त्याचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, चिवडा आणि लाडूंचा. सहा बायका कामाला, कढईपाशी मात्र अजून तोच. मी पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. त्याने आधी स्टूल दिलं, वाटीभर गरम चिवडा दिला. मग म्हणाला, "पैसे दोनदा मोजलेस त्याचं काही नाही रे. तू मला 'करा' म्हणालास."

मला काही बोलता आलं नाही. चिवडा खाल्ला. चव त्याच्या आईच्या हातचीच होती, खोबरं जरा जास्त परतलेलं. ते सांगितल्यावर तो हसला आणि वाटी पुन्हा भरली.

फॉर्म त्याने भरला, तो रकाना कोरा ठेवून. तो आलाय, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलाय. पुढे ये म्हटलं तर येत नाही, चहाच्या वेळी वाटप नीट होतंय का ते बघायचंय म्हणे. तुमच्या पुड्यांमधला चिवडा आणि लाडू त्याच्याकडचे आहेत. पैसे घ्यायला तयार नव्हता, कच्च्या मालाचे मी जबरदस्तीने दिले. एकदाच मोजून.

बाई, नववीच्या हजेरीपटावर त्याचा नंबर माझ्यानंतरचा होता. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी लाडू शेजाऱ्याला द्यावा, पण चिवडा देऊ नये.