वाड्यावरचा पसरा

उजाडण्याच्या सुमारास गोव्यातील एखाद्या वाड्यावर सायकलच्या रबरी भोंग्याचा आवाज येतो आणि एकेका घराचे दार उघडू लागते. मागे बांधलेल्या करंडीत गरम पाव, उंडे, काकणे आणि कोंड्याच्या पोया घेऊन पोदेर आलेला असतो. पाव भाजणाऱ्याचे हे नाव मूळचे पोर्तुगीज. कोंकणी जिभेवर रुळून ते ‘पोदेर’ झाले. कोणाच्या घरी किती पाव लागतात हे त्याला विचारावे लागत नाही, आणि एखादे दार दोन दिवस उघडले नाही तर पहिली चौकशी बहुधा तोच करतो. व्यवहार थोड्या रुपयांचा असतो. परंतु अशा थोड्याथोड्या रुपयांवरच एक भट्टी पेटती राहते आणि तिच्यापाशी राबणाऱ्या माणसांचे संसार चालतात.

गावच्या व्यवसायाला गावाने रोजच्या खरेदीतून द्यावयाचा आधार, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. स्थानिक दुकानदारास उत्तेजन द्यावे, असे सभेत कोणी म्हटले की टाळ्या पडतात. पण दुकान टाळ्यांवर चालत नाही, ते नित्याच्या गिऱ्हाइकावर चालते. समजा, एका वाड्यात शंभर घरे आहेत व प्रत्येक घरातून दररोज वीस रुपयांची खरेदी जवळच्या दुकानात होते. दिवसाला दोन हजार आणि तीस दिवसांच्या महिन्याला साठ हजार रुपयांची ही उलाढाल झाली. यातील निम्मी घरे दुसरीकडे वळली, तर विक्री निम्म्यावर येते; दुकानाचे भाडे, विजेचे देयक आणि नोकराचा पगार मात्र निम्म्यावर येत नाही. विके कमी म्हणून माल कमी भरावयाचा, आणि माल कमी म्हणून उरलेले गिऱ्हाईकही जावयाचे, असे हे दुष्टचक्र आहे.

आज अनेक घरांत घडते ते असे. महिन्याची मोठी यादी शहरातील भव्य भांडारात जाते किंवा हातातील फोनवरून दूरच्या गोदामाकडे धाडली जाते. वाड्यावरच्या पसरकाराच्या वाट्याला काय येते? ऐन वेळी संपलेली आगपेटी, विसरलेली कोथिंबीर आणि महिनाअखेरची उधारी. रोखीचा व्यवहार परका करतो आणि उधारीची वही शेजाऱ्याकडे उघडली जाते. अशा पसरकाराने एके दिवशी दुकानाच्या फळ्या कायमच्या लावल्या, म्हणजे मग वाडा हळहळतो. ती हळहळ खोटी नसते, परंतु ती फार उशिरा आलेली असते.

दुकानाबरोबर नाहीशी होणारी गोष्ट केवळ सोय नव्हे. वृद्ध दांपत्याला किलोभर तांदूळ घरपोच करणारा मुलगा, पगार लांबला तरी तोंड न फिरवणारा ओळखीचा माणूस, ही गावाची अलिखित ठेव आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, दळणवळण अडखळले, तेव्हा अनेक वाड्यांचे डोळे अशाच जवळच्या दाराकडे लागले होते. संकटात जे दार उघडे हवे, ते सुखाच्या दिवसांतही उघडे राहील अशी तजवीज गिऱ्हाइकानेच करावयास हवी.

जी गोष्ट दुकानाची, तीच बाजाराची. म्हापशाच्या नावाचा संबंध लोक ‘माप’ या शब्दाशी जोडतात, आणि तेथील शुक्रवारचा बाजार पाहिला म्हणजे तो पटतो. बार्देशातील व पेडण्याकडील गावांतून आलेल्या बायका आपापल्या टोपल्या मांडून बसतात. हरमलची मिरची, मोयऱ्याची लांबट केळी, आमसुले, नारळ, मातीची मडकी, सुकी मासळी असा नाना प्रकारचा माल तेथे असतो. पावसाळ्यापूर्वी या बाजाराला निराळाच रंग चढतो. पूर्वी पावसाच्या चार महिन्यांत मासेमारी थांबे आणि वाटा बंद पडत, म्हणून घरोघर बेगमी करून ठेवीत. या बेगमीस गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हाही शब्द पुरवठा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. मडगावी इस्पिरितु सांताच्या चर्चच्या उत्सवाच्या सुमारास भरणारी फेस्ताची जत्रा तर पुरुमेंताच्या नावानेच ओळखली जाते. या खरेदीत पैसा पिकवणारीच्या ओंजळीत थेट पडतो. तिच्याकडून तो बी-बियाण्याला, मजुरीला, मुलांच्या शाळेला जातो. म्हणजे बव्हंशी त्याच परिसरात फिरतो. दूरच्या कंपनीच्या मालातील नफ्याचा अंश मात्र गावाच्या वेशीबाहेर जातो.

अलीकडच्या वर्षांत हरमलची व काणकोणातील खोल्याची मिरची, मोयऱ्याची केळी, जत्रेतील खाजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले. हा सन्मान योग्यच आहे. तरीही मानांकनाने नावाचे रक्षण होते, शेताचे नव्हे. नित्य घेणारा नसेल तर पुढची पिढी ती मिरची लावणार नाही आणि नाव तेवढे दप्तरात शिल्लक राहील.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गरीब संसाराला चार रुपये वाचविणे भाग असते. केवळ शेजारधर्मासाठी महाग वा हिणकस माल का घ्यावा? तो घेऊ नयेच. वजनात खोट, मुदत उलटलेला जिन्नस, बाहेरून आणलेली मिरची हरमलची म्हणून खपविणे, या गोष्टींना स्थानिकपणाचे पांघरूण घालता येणार नाही. निष्ठा दोन्ही बाजूंनी हवी. दुकानदाराने भाव पाटीवर लिहावा, माप चोख ठेवावे, गिऱ्हाइकाची मागणी ऐकावी. गिऱ्हाइकानेही तुलना करताना जाण्यायेण्याचा खर्च, आणि स्वस्त दिसले म्हणून उगाच घेतलेल्या वस्तूंची किंमत हिशेबात धरावी.

१८७७ च्या दिल्ली दरबारास पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताच्या खादीच्या पोशाखात गेले होते. त्या व्रताला निग्रह लागत होता. आज गृहस्थाकडून एवढ्या मोठ्या त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाही. महिन्याच्या यादीतील तांदूळ, नारळ, मिरची, साबण, वही असे पाच जिन्नस तरी जवळच्या दुकानातून वा आठवड्याच्या बाजारातून घ्यावेत, दर महिन्याला घ्यावेत, आणि शक्य तेथे रोखीने घ्यावेत. एवढे नेमाने घडले, तरी पसरकाराला पुढच्या महिन्याचा माल भरण्याचे धैर्य येते, आणि पोदेराच्या मुलाला भट्टी पुढे चालवावी की विकावी याचा विचार करताना एक कारण भट्टीच्या बाजूने मिळते.