धावायला वेळ कुठून आणायचा?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मारहाण, पोटगी, रेशन अशी तातडीची कामं समोर असताना पळण्याच्या शर्यतीबद्दल कशाला बोलायचं, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटत असेल. शंका रास्त आहे. पण बाईनं आठवड्यातले पाच-सहा तास स्वतःच्या शरीरासाठी मागून पाहावेत, म्हणजे घरातली सत्ता कुणाच्या हाती आहे ते लख्ख दिसतं.

आधी हिशेब मांडू. अर्धमॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला बेताच्या गतीनं ते पार करायचं, तर साधारण चार महिन्यांची तयारी लागते. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास आणि एक दिवस लांब पल्ला. तो वाढत वाढत अडीच तासांपर्यंत जातो. सगळे मिळून आठवड्याला पाच तास धरा.

आता दुसरा हिशेब. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर ते करणारे पुरुष 88 मिनिटं. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळातच थोडे. आठवड्याचा फरक काढला तर तेवीस तासांच्या वर जातो. आपण मागतोय त्यातले पाच. तरीही ही मागणी घरात केवढी मोठी वाटते!

नवरा पहाटे पळायला गेला की तो 'तब्येतीला जपतो'. मुलं झोपलेली, दूध तापलेलं, डबा भरलेला, सगळं आपोआप झालेलं असतं. बायको गेली की 'नसती थेरं'. दोघांचा रस्ता तोच, घामही तोच. मग शब्द वेगळे का? कारण त्याचा वेळ त्याचा असतो आणि तिचा वेळ घराचा मानलेला असतो. आपल्या वेळाची मालकी आपली, हे म्हणायला बाईला अजून धीर लागतो.

पुष्कळ बायका यावर सोपा तोडगा काढतात. पाचला उठायच्या त्या चारला उठतात. पोळ्या, भाजी, पाणी सगळं उरकून पळायला जातात. घराला काही त्रास होत नाही, म्हणून परवानगीही मिळते. पण हा समतोल नव्हे, ही झोपेतून केलेली उचल आहे. झोप तुटली की शरीर भरून निघत नाही, पाय दुखावतात आणि महिन्याभरात पळणं सुटतं. मग घरचे म्हणतात, "बघ, तुला झेपत नाही."

माझ्या घरी दोन मुलं, सासूबाई आणि आम्ही दोघं नोकरी करणारे. तयारी सुरू करण्याआधी आम्ही कामांची यादी केली. पोळ्या-भाजी सगळ्यांनाच दिसतात. मुलाच्या वहीला कव्हर, गॅसचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात हे ध्यानात ठेवणं, ही कामं कागदावर आल्यावरच नवऱ्याला दिसली. मग तीन सकाळी पूर्ण त्याच्या, असं ठरलं. 'मदत' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला. मदत करणारा विचारतो, "डब्यात काय देऊ?" जबाबदारी घेतलेला माणूस आदल्या रात्री मटकी भिजत घालतो. हे रुळायला दीड महिना लागला. त्या काळात मुलांनी कच्च्या पोळ्या खाल्ल्या आणि ती काही आजारी पडली नाहीत.

इथे एक अवघड प्रश्न आहे. नवऱ्याशी वाद नको म्हणून मी पोळ्यांना बाई लावली, तर माझा तास आला कुठून? ज्या ताई सहाला माझ्याकडे येणार, त्यांनी चारला उठून स्वतःचं घर उरकलेलं असतं. सासूबाईंवर काम ढकललं तरी तेच. एका बाईचा वेळ दुसऱ्या बाईच्या वेळातून काढला, तर पुरुषांच्या वाट्याची 88 मिनिटं जागची हलत नाहीत. कामाला बाई ठेवू नये, असं मी म्हणत नाही. तिला रास्त पगार आणि हक्काची सुट्टी द्या, आणि घरातल्या वाटणीचा प्रश्न तेवढ्यानं सुटला असं समजू नका.

आपल्याला 'झेपत नाही' हे जगभर सांगून झालंय. 1928च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकनंतर बायकांची 800 मीटरची शर्यत बंद केली, ती 1960पर्यंत. 1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्यानं तिला मैदानाबाहेर ओढायचा प्रयत्न केला. तरी तिनं शर्यत पुरी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली थेट 1984 साली. आपल्याकडे नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यातल्या कविता राऊतनं 2010च्या आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. पुरावा भरपूर आहे.

पण नुसत्या जिद्दीच्या गोष्टी सांगून भागणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईला 'पळ' म्हणणं क्रूर आहे. तिच्या ताटात आधी डाळ, उसळ, अंडं यायला हवं. पहाटे अंधार, मोकाट कुत्री, मागे येणारी मोटरसायकल आणि वाटेत एकही उघडं स्वच्छतागृह नाही, हे अडथळे एकटीनं सोसायचे नसतात.

म्हणून गटांनी चार कामं हाती घ्यावीत. प्रत्येकीनं घरातल्या कामांची यादी करून ती बैठकीत वाचावी. पळण्याआधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आठवड्यातून दोन सकाळी चार-पाचजणींनी मिळून निघावं. साडी असो वा सलवार, आधी चालत, मग थोडं पळत. आणि रस्त्यावरचे दिवे व स्वच्छतागृहं यांसाठी नगरपालिकेला लेखी निवेदन द्यावं.

शर्यतीत उतरायचं की नाही, हे ज्याचं त्यानं म्हणजे जिचं तिनं ठरवावं. सकाळचा तो तास मात्र मागून घ्या. घर त्यानं मोडत नाही, घरातल्या बाकीच्यांना आपापलं काम कळतं.