दोन गाड्यांमधले जेवण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर धर्म, राजकारण आणि अर्थशास्त्र यांनाच मानाचे पान मिळत आले आहे. आम्ही आज प्रत्यक्ष पानाविषयी, म्हणजे ताटाविषयी बोलणार आहोत. एक गाडी सोडली आहे, दुसरी यायला पाच तास आहेत, गाव परके आहे आणि पोटात भूक आहे. अशा वेळी चांगले जेवण शोधावे कसे, एवढाच आजचा विषय. चिटणिसांना तो सांगितला तेव्हा त्यांना आमची थट्टा वाटली. पण आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण काही मोफत वाचनालयात आणि बरेचसे फलाटावर झाले. कामगारांच्या सभांसाठी तीस वर्षे फिरताना जे शिकलो त्यातलेच काही आपल्यापुढे ठेवतो.

गाव एकच घेऊ, नागपूर. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग तेथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाडी बदलण्यासाठी ताटकळणे हा नागपूर स्टेशनाचा जुना धर्म आहे. रेल्वे तेथे १८६७ साली पोहोचली आणि आजची दगडी इमारत १९२५ साली उघडली. विडी कामगारांच्या कामासाठी आम्हाला भंडारा-गोंदियाकडे वरचेवर जावे लागे आणि परतताना नागपुरास चार-पाच तास सक्तीचा मुक्काम पडे.

पहिल्या खेपेस आम्ही जे केले तेच बहुतेक प्रवासी करतात. स्टेशनाबाहेर जे पहिले झगझगीत हॉटेल दिसले त्यात शिरलो. पाटीवर पंजाबी, मद्रासी, चिनी असे सगळे प्रांत नांदत होते. फक्त नागपूर नव्हते. आलेली भाजी लाल होती, पिवळी होती, पण ती कसली होती हे शेवटपर्यंत कळले नाही. बिल मात्र स्वच्छ कळले. ज्या हॉटेलाला ठाऊक असते की हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, ते त्याच्यासाठी मीठसुद्धा चाखून पाहत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. जेथे तेच ते लोक रोज येतात तेथे जावे. आणि तसे ठिकाण हमालाला, रिक्षावाल्याला, फलाट झाडणाऱ्या बाईला विचारावे, कारण गाव त्यांच्या पायाखालचे असते.

या नियमाने नागपूर आम्हाला पोटभर मिळाले. सकाळी उतरलात तर तर्री-पोहे. आपण पोह्यांवर खोबरे-कोथिंबीर घालतो; नागपूरकर त्यावर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात. कस्तूरचंद पार्काच्या बाजूला पहाटेपासून त्यासाठी गर्दी असते. थंडीत सांबारवडी मागावी. आम्ही ती प्रथम ऐकली तेव्हा इडलीबरोबरचे सांबार वडीत कसे भरतात याचा विचार करीत बसलो होतो. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर! पारीत मसालेदार कोथिंबीर भरून तळलेली ती वडी. तिलाच पुडाची वडी म्हणतात. दुपारी कोणाच्या घरची ओळख असेल तर वडाभात खावा. डाळींचे तळलेले वडे गरम भातावर कुस्करून वर फोडणीचे तेल घालतात. आणि जाताना संत्री घ्यावीत. आंबिया बहाराची दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. एप्रिल उलटल्यावर कोणी फार आग्रह करू लागला तर आधी एक सोलून पाहावे.

परंतु हाती चार तास असतील तर गोळीबार चौक, इतवारी या जुन्या वस्तीकडे जावे आणि सावजी भोजनालय शोधावे. सावजी हे मूळचे हलबा-कोष्टी समाजाचे, म्हणजे विणकरांचे जेवण. काळा म्हणावा असा रस्सा; त्यात मिरे, धणे, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुके खोबरे हे सगळे भाजून वाटलेले. जुने लोक त्यासाठी जवसाचे तेल वापरीत. मांसाहारी नसाल तर पाटवडी रस्सा आहे: बेसनाच्या थापलेल्या वड्या त्याच जळजळीत रश्श्यात. सोबत पोळी, भात, कांदा आणि लिंबू. पहिल्या घासाला कानातून वाफ निघते, तिसऱ्या घासाला माणूस गप्प होतो आणि पाचव्या घासाला आणखी रस्सा मागतो.

हे जेवण नुसते जिभेने समजत नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आजूबाजूच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाचे सूत नागपुरातच निघू लागले. मागावर बसणारा विणकर आणि गिरणीत उभा राहणारा कामगार यांची ही नगरी. अशा माणसाला दिवसभराच्या कामानंतर नाजूक चवीचे काय? त्याला पोळीला अंगभर लागेल असा रस्सा हवा. घरच्या बाईने चुलीवर शिजवावे, पडवीत चार माणसे बसवावीत, अशा रीतीने कितीतरी भोजनालये उभी राहिली. ती गिरणी या शतकाच्या आरंभी कायमची बंद झाली आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. माग थंडावले, भोंगा थांबला. रस्सा मात्र राहिला. एखाद्या गावात कोणते कष्ट होत होते हे पाहायचे असेल तर त्याचे जेवण पाहावे, असे आम्ही सभांतून सांगू लागलो आणि लोक टाळ्या देऊ लागले.

आता आमची फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. असेच गोंदियाहून येऊन नागपुरास उतरलो. फलाटावर साठीचा एक हमाल भिंतीला टेकून बसला होता. आम्ही सवयीप्रमाणे विचारले, "दादा, जेवायला चांगले कोठे मिळेल?" त्याने डोळे मिचकावले. म्हणाला, "भाऊ, गोळीबार चौकात जा. रस्सा असा की घाम फुटन." त्याने दुकानाची खूण सांगितली, कोणत्या गल्लीतून वळायचे ते सांगितले, मटण संपायच्या आत पोहोचा असेही बजावले. आम्ही खूश होऊन म्हटले, "तुम्ही तेथेच जेवता वाटते?"

तो हसला. "मी कोठचा जातो बापा? मले परवडते काय? घरून भाकर आनतो."

मग कळले की तेथे तो शेवटचा जेवला त्याला बरीच वर्षे झाली होती. बॅगांना चाके आली, फलाटावर सरकते जिने आले, म्हाताऱ्यांसाठी बॅटरीची गाडी आली. ही सोय वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. तोही म्हणत नव्हता. पण परवान्याच्या हमालाला रेल्वेचा पगार नसतो. ओझे उचलले तर पैसे, नाहीतर नुसता लाल सदरा आणि दंडावरचा बिल्ला. आम्ही म्हटले, "मग आज आमच्याबरोबर चला." तो म्हणाला, "गाडी येऊन राहिली, पाळी जाईन."

आम्ही गेलो, जेवलो. जेवण अप्रतिम होते. निघताना त्याच्यासाठी एक पुडके बांधून घेतले आणि स्टेशनावर आलो. तो जागेवर नव्हता. दुसऱ्या हमालांना विचारू लागलो आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळलो. त्यांनी विचारले, "कोन? नाव काय? बिल्ला नंबर?" आम्ही नाव विचारले नव्हते. बिल्ला पाहिला होता, नंबर वाचला नव्हता. आयुष्यभर कामगारांची नावे सभासद-वहीत लिहिणाऱ्या माणसाने त्याच्याकडून गल्लीबोळाचा पत्ता घेतला, दुकानाची खूण घेतली, आणि त्याचे नाव तेवढे घेतले नाही! आमची गाडी लागली. ते पुडके मांडीवर घेऊन बसलो. डबाभर मसाल्याचा वास सुटला. समोरचा प्रवासी म्हणाला, "काय झकास वास येतोय हो!" आम्हाला त्याच्याकडे पाहवेना. बडनेरा गेल्यावर ते पुडके त्यालाच दिले.

तेव्हा आमचा नियम अर्धाच खरा होता. जेवण कोठे चांगले आहे हे कष्टकऱ्याला ठाऊक असते. पण ते त्याच्या वाट्याला येतेच असे नाही. त्याच्याच वस्तीत शिजलेले, त्याच्याच बापाच्या भुकेतून घडलेले जेवण नावाजले जाते, त्याचा भाव वाढतो आणि एक दिवस तो स्वतः दुसऱ्याला रस्ता दाखवण्यापुरता उरतो.

यावर उपाय नाही असे मात्र समजू नका. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ओझी वाहणाऱ्याला स्वस्त, ताजे आणि मानाने जेवता यावे म्हणून हमालांनीच काढलेले ते उपाहारगृह. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभारले. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका संपाच्या दिवसांत कामगारांना उधारीवर जेवू घालीत आणि स्वतः सावकाराच्या दारी जात. त्या बायकांना एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम त्यांनी केले. हे दोन्ही दयेचे अन्नछत्र नव्हते. शिजवणारा आणि जेवणारा यांनी मिळून मांडलेला हिशेब होता तो.

आणि अन्नदानही पाहायचे असेल तर पुन्हा नागपूरच पाहा. एके काळी आपल्या स्टेशनांवर हिंदूंचे पाणी वेगळे आणि मुसलमानांचे पाणी वेगळे असे. ज्याला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याची तहान तर कोणाच्याच हिशेबात नव्हती. त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाड्या भरभरून माणसे येतात आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर जागोजागी जेवणाचे मंडप लागतात. त्या दिवसांत परक्या माणसाला अन्न शोधावे लागत नाही. अन्नच हाका मारून त्याला शोधते. कोण कुठला, कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. पुढे केलेल्या ताटात वाढतात.

मंडळी, आपण सुटीत प्रवासाला निघाल तेव्हा उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगतो. हाती असलेल्या वेळातून एक तास परतीसाठी आधी बाजूला काढा. सामानाच्या खोलीत ठेवायची बॅग कुलूपबंद असावी आणि तिकीट खिशात असावे. पाटीवर दहा प्रांतांचे पदार्थ असतील तेथून उठा. चारच पदार्थ असतील आणि पातेले तळाला लागले असेल तेथे बसा. टेबल पुसायला लहान मूल आले तर मात्र जेवण कितीही चांगले असो, उठा आणि का उठलात ते मालकाला सांगा. हॉटेलांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, हे पुष्कळ मालकांना ठाऊक असते. गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नसते.

आणि ज्याला पत्ता विचाराल त्याला दोन प्रश्न आधी विचारा. एक, "आपले नाव काय?" आणि दुसरा, आपल्या आजीने शेजारणीला दारातूनच विचारावा तो, "जेवलात का?" तिसरा प्रश्न जेवणाच्या ठिकाणाचा. आमचा क्रम उलटा झाला होता. आता नागपुरास उतरलो की आम्ही पहिल्या फलाटापासून शेवटच्या फलाटापर्यंत एक फेरी मारतो. तो साठीचा गृहस्थ अजून भेटलेला नाही. पण त्या फेऱ्यांत सतरा हमालांची नावे आमच्या वहीत आली आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघांबरोबर आम्ही गोळीबार चौकात एका बाकावर बसून जेवलो आहोत. घाम तिघांनाही फुटला.

 आता वेळ जेवणाचीच झाली आहे. आम्ही अधिक अडवीत नाही.